ख्रिस्तवासी

मराठीत माणूस गेला की त्याला नवीन पत्ता मिळतो. कुणी कैलासवासी होतं, कुणी वैकुंठवासी, कुणी पैगंबरवासी. आमच्याकडे माणूस ख्रिस्तवासी होतो. चर्चच्या भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या, लग्नपत्रिका, दफनभूमीतले दगड... लहानपणापासून हा शब्द इतक्या ठिकाणी वाचलाय की त्याचा अर्थ काय, असा प्रश्नच कधी पडला नव्हता.

ऑगस्ट २०१९ मध्ये तो मला स्वतःच्या हातानं टाईप करावा लागला. दादाच्या नावाआधी. फोनच्या कीबोर्डला तो शब्द माहीत नव्हता, दर वेळी बदलून 'ख्रिस्ती' करून टाकायचा. तीनदा खोडला, तीनदा लिहिला. चौथ्यांदा वहिनीनं फोन माझ्या हातातून घेतला आणि तिनंच लिहिला.

एरवी शनिवार-रविवारी मी जे लिहिते (ट्रेक, पुस्तकं, ऑफिसातल्या गमतीजमती) त्यात हा विषय बसत नाही, म्हणून इतके दिवस टाळला. पण गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या एका मुलाचे वडील गेले. पंधरा दिवसांनी तो कामावर आला, आणि कॅन्टीनमध्ये चहा घेताना त्यानं मला विचारलं, "तुम्हा लोकांचा देवावर एवढा विश्वास असतो, तुला सोपं गेलं असेल ना?" अगदी मनापासून विचारलं होतं. मी "नाही रे" एवढंच म्हटलं, कारण साडेतीनची मीटिंग होती. उरलेलं उत्तर आता देते.

नाही रे, सोपं नाही गेलं. काही बाबतीत जास्तच अवघड गेलं. ज्याचा कुणावर विश्वासच नाही त्याला निदान भांडायला कुणी नसतं. गाठ म्हणजे गाठ. पेशी वेड्यासारख्या वाढल्या, विषय संपला. पण लहानपणापासून ज्याला बाप म्हणून हाक मारली, रोज जेवायच्या आधी ज्याचे आभार मानले, त्याच्या राज्यात हे घडलं की जाब विचारायला समोर कुणीतरी असतं. आणि ते काही बोलत नाही.

थोडं सविस्तर सांगते. दादा नगरला शाळेत गणित शिकवायचा. (सरकारी नाव २०२४ पासून अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात अजून नगरच.) सप्टेंबर २०१८ मध्ये डोकेदुखीचं निमित्त झालं, एमआरआय काढला, पुण्यात ऑपरेशन झालं. ग्लायोब्लास्टोमा. मोठ्या माणसांना होणाऱ्या मेंदूच्या गाठींमधला हा सगळ्यात आक्रमक प्रकार. ऑपरेशन, रेडिएशन, केमोच्या गोळ्या सगळं करूनही निम्मे पेशंट साधारण सव्वा वर्षाच्या पुढे जात नाहीत. दादानं अकरा महिने काढले.

त्या अकरा महिन्यांत आमच्या मंडळीनं प्रार्थना साखळी चालवली. ('काय मंडळी' मधली मंडळी नव्हे. आमच्यात चर्चच्या सभासदांना मिळून मंडळी म्हणतात.) दिवसाचे चोवीस तास वाटून घ्यायचे आणि प्रत्येक तासाला कुणीतरी आपापल्या घरी त्या आजारी माणसासाठी प्रार्थना करायची. एक्सेल शीट अर्थातच मी केली. पहाटे तीन ते चारचा तास एका रिटायर्ड नर्सबाईंनी स्वतः मागून घेतला, म्हणाल्या नाईट ड्यूटीची सवय आहे मला. अकरा महिन्यांत त्या शीटमधला एकही रकाना रिकामा राहिला नाही. असा अपटाईम आमच्या प्रॉडक्टला आजवर कधी मिळालेला नाही.

आणि दादा गेला.

दफनविधीनंतर तिसऱ्या दिवशी लांबच्या नात्यातले एक गृहस्थ भेटायला आले. थोडा वेळ बसले, सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "आपलाच विश्वास कुठेतरी कमी पडला असणार. नाहीतर प्रभूनं ऐकलं असतं." आईनं चहाचा कप त्यांच्या हातात दिला. "चहा घ्या," ती म्हणाली, "आणि हे माझ्या सुनेसमोर पुन्हा बोलू नका." आई आवाज चढवत नाही. तिला त्याची गरजही पडत नाही.

त्या वाक्याचा मला अजून राग येतो. त्यातला हिशोब असा, की प्रार्थना म्हणजे एटीएम. पैसे आले नाहीत म्हणजे तुमचा पिन चुकला. पण ज्या पुस्तकाच्या जोरावर हे सगळं बोललं जातं त्या पुस्तकात असं काही नाही. उलट योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढून बघा. बेथानीचा लाजर आजारी पडतो. त्याच्या बहिणी, मार्था आणि मरिया, येशूला निरोप धाडतात. निरोप मिळाल्यावरही तो आणखी दोन दिवस होता तिथेच थांबतो! पोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. दोघी बहिणी वेगवेगळ्या वेळी त्याला एकच तक्रार ऐकवतात, की तू वेळेवर पोचला असतास तर आमचा भाऊ वाचला असता. ही तक्रार केली म्हणून तो त्यांना रागवत नाही. थोड्याच वेळात आपण लाजराला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक आहे, आणि तरीही कबरेकडे जाताना त्याला रडू येतं. दोन शब्दांचं वचन आहे ते, संडे स्कूलमध्ये पाठांतराला सोपं म्हणून आम्ही सगळ्यात आधी तेच पाठ करायचो. शेवट माहीत असलेला रडतो, मग आम्ही का रडायचं नाही?

दुसरं एक वचन सांत्वनाला आलेला दर तिसरा माणूस ऐकवतो. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय. पौलाचा मुद्दा एवढाच आहे की ज्यांना काही आशा नाही त्यांच्या शोकात आणि तुमच्या शोकात फरक असू द्या. लोक त्यातलं शोक करू नका एवढंच उचलतात आणि पुढचं सोडून देतात. 'इफ'ची कंडिशन न वाचता कोड रन करण्यातला प्रकार.

आमच्या पाळकसाहेबांना मात्र मानलं. ते चौथ्या दिवशी आले. आता लांबलचक प्रवचन होणार म्हणून मी मनाची तयारी केली होती. त्यांनी बायबल उघडलं, स्तोत्र ८८ वाचलं आणि पुस्तक मिटलं. बायबलमधली बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी वळण घेतात. म्हणजे आधी रडगाणं, मग तरीही मी तुझी स्तुती करीन वगैरे. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही, अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. ज्यांनी कुणी ही दीडशे स्तोत्रं एकत्र केली, त्यांना ते काढून टाकता आलं असतं. त्यांनी ठेवलं. पाळकसाहेब त्यानंतर अर्धा तास नुसते बसून राहिले. ईयोबाचे मित्र पण सुरुवातीला असेच सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. ते शहाणे होते तोवरच. तोंड उघडलं आणि घोटाळा झाला, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग निघतो तो त्यांच्यावर, ओरडणाऱ्या ईयोबावर नाही.

ऑफिसमधून फोन यायचे तेव्हा हमखास एक प्रश्न असायचा. "तुमच्यात तेरावं असतं का गं?" नसतं. आम्ही प्रोटेस्टंट. वसईच्या नाहीतर गोव्याच्या कॅथलिक मित्रांकडे गेलेल्या माणसासाठी मिस्सा असते, २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांचा दिवस असतो. आमच्यात शवपेटीवर मूठमाती टाकली, आशीर्वाद झाला, की विधी संपला. यामागचा विचार स्वच्छ आहे. माणूस देवाच्या हाती गेला, आता त्याच्यासाठी आपण काही करायची गरज उरली नाही. तर्क म्हणून मला तो पूर्ण पटतो. पण गरज नाही आणि काही करायलाच नाही, यात फरक आहे. कंपनीची पाच दिवसांची रजा. (फॉर्मवर नातं निवडायची यादी होती, त्यात 'भाऊ' शोधायला सहा वेळा खाली जावं लागलं.) ते पाच दिवस आम्ही रिकाम्या हातांनी घरात फिरत होतो. आई धुतलेली भांडी परत धूत होती. तेव्हा मला माझ्या हिंदू मैत्रिणींचा हेवा वाटला. दहावं, तेरावं, कुणाला बोलवायचं, काय आणायचं... दुःखाला करायला काहीतरी काम असतं. हे चर्चमध्ये बोलले तर दोनतीन जण तरी नाराज होतील. होवोत.

असो. पुस्तकांकडे वळणं हा माझा जुना रोग. सी. एस. लुईस बहुतेकांना नार्नियामुळे माहीत असतो. १९४० साली त्यानं दुःखाचा प्रश्न सोडवणारं एक पुस्तक लिहिलं होतं. चांगला देव आणि जगातलं दुःख यांचा मेळ कसा घालायचा, याची अतिशय तल्लख मांडणी. वीस वर्षांनी, जुलै १९६० मध्ये, त्याची बायको जॉय कॅन्सरनं गेली. लग्नाला पुरती पाच वर्षंही झाली नव्हती. तेव्हा त्यानं वह्यांमध्ये जे खरडलं ते १९६१ मध्ये 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड' नावानं टोपणनावाखाली छापलं. त्यात मांडणी वगैरे काही नाही. देवाच्या दारात उभं राहून घातलेल्या शिव्या आहेत म्हटलं तरी चालेल. निदान सुरुवातीला. मी दोन्ही वाचली. पहिलं पुस्तक दादाच्या आजारपणात वाचलं आणि मला ते आवडलंही. दुसरं नंतर वाचलं. पहिल्यातला एकही मुद्दा दुसऱ्यानं खोडलेला नाही, पण रात्री दोन वाजता उशाशी ठेवायचं झालं तर मी दुसरं ठेवीन.

आणि आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळक आहेत! 'स्मृतिचित्रे'तला धडा शाळेत असायचा म्हणून आपण सगळे त्यांना ओळखतो, आणि बहुतेक वेळा तिथेच सोडून देतो. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या आणि १९०० साली, स्वतःला पटल्यावर, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक ९ मे १९१९ ला गेले. त्यांनी येशूच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतलं होतं, त्याचे दहा अध्याय झाले होते. जवळजवळ काहीच औपचारिक शिक्षण नसलेल्या त्यांच्या बायकोनं ते काम हातात घेतलं आणि त्याला चौसष्ट अध्याय जोडले. दहावर चौसष्ट! कुणाचा अर्धवट कोड ताब्यात घेतलेल्या कुठल्याही माणसाला विचारा हे काय असतं. आणि इथे तर तो माणूस शंका विचारायलाही नव्हता.

पण मला त्याहून जास्त महत्त्वाची वाटते ती 'स्मृतिचित्रे'. पहिला भाग १९३४ मध्ये निघाला, टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर. त्यात टिळक संत नाहीत. ते रागीट आहेत, विसराळू आहेत, हातातले पैसे भलत्यालाच देऊन मोकळे होणारे आहेत, आणि बाई त्यांच्यावर भरपूर हसतात. वाचताना कुठेही वाटत नाही की या माणसावर तिचं प्रेम कमी होतं, किंवा देवावर. आमच्याकडे माणूस ख्रिस्तवासी झाला की त्याच्याबद्दल फक्त चांगलं बोलायची पद्धत आहे, आणि काही महिन्यांत त्याचा एक गुळगुळीत पुतळा तयार होतो. दादा कॅरममध्ये चीटिंग करायचा. उधार घेतलेले पैसे विसरायचा. पेपर तपासताना त्याच्या आसपास फिरकायची सोय नसायची. तो दादा मला हवा आहे. आमचा विश्वास शरीराच्या पुनरुत्थानावर आहे, म्हणजे नुसता कुठेतरी तरंगणारा आत्मा नाही, अख्खा माणूस. मग अख्खा माणूस आठवायला काय हरकत आहे?

एस.टी.चा कंटाळा आला की मी पुण्याहून नगरला ट्रेननं जाते. वाटेत, दौंडच्या अलीकडे, केडगाव लागतं. (नगरलाही एक केडगाव आहे, ते वेगळं.) हे पंडिता रमाबाईंचं केडगाव, त्यांचं मुक्ती मिशन इथे आहे. रमाबाईंनी आईवडील दुष्काळात गमावले, भाऊ १८८० मध्ये, नवरा १८८२ मध्ये. एकुलती एक मुलगी मनोरमा राहिली होती, ती जुलै १९२१ मध्ये गेली. रमाबाई तेव्हा अख्ख्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. मुलगी गेल्यावर त्या जेमतेम नऊ महिने जगल्या, ५ एप्रिल १९२२ पर्यंत, आणि ते काम त्यांनी सोडलं नाही. गाडी तिथे थांबते तेव्हा मी दर वेळी खिडकीतून बघते. दिसत काहीच नाही, फलाट आणि चहावाला.

तर माझ्या टीममेटचा प्रश्न. विश्वासाचा उपयोग काय झाला मग?

पहिल्या रविवारी आम्ही उपासनेला गेलो. न जाण्याचा पर्याय आईनं ठेवलाच नव्हता. 'उपासना संगीत'मधलं गीत सुरू झालं, टिळकांचंच. आमच्या त्या पुस्तकातली शंभराहून जास्त गीतं त्यांची आहेत, त्यामुळे योगायोग वगैरे काही नाही. दादा टेनर गायचा. मी पुस्तक उघडून उभी राहिले आणि तोंडातून आवाजच निघेना. नुसता हुंदका असता तर गोष्ट वेगळी. त्या ओळींमध्ये जे लिहिलं होतं त्यातलं एक अक्षर मला त्या क्षणी खरं वाटत नव्हतं. आणि माझ्या मागच्या रांगेतून एक आजोबा, नेहमीसारखे अर्धा सूर खाली, खणखणीत गात होते. डावीकडे त्या पहाटे तीनवाल्या नर्सबाई गात होत्या. अख्खं चर्च गात होतं. मी गात नव्हते म्हणून गाणं थांबलं नव्हतं.

सर्व्हर डाऊन झाला की त्याचा लोड बाकीच्यांवर जातो, तसं काहीतरी. मी शाळेपासून समजत होते की विश्वास ही माझ्या डोक्यातली गोष्ट आहे, तो कमी-जास्त होतो, आणि तो टिकवायची जबाबदारी माझी. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की तो माझ्या मालकीचा नाहीच. मंडळीचा आहे. मला जमत नाही तेव्हा दुसरं कुणीतरी माझ्या वाटचं म्हणतं, आणि कधीतरी त्यांच्या वाटचं मी म्हणायचं. प्रार्थना साखळीतले ते चोवीस रकाने मला आता वेगळे दिसतात. दादा बरा झाला नाही हे खरंच आहे, त्यावर मी रंगसफेदी करणार नाही. पण अकरा महिने रात्रंदिवस, नगरमधल्या कुठल्या तरी घरात कुणीतरी त्याचं नाव घेत होतं, आणि त्याला ते माहीत होतं. झोप लागत नसली की तो मला मेसेज करायचा, "आत्ता कोणाची शिफ्ट आहे?" मी शीट बघून सांगायची.

भाची तेव्हा सहा वर्षांची होती. आमच्यात गेलेल्या माणसाला 'प्रभूत निजले' असंही म्हणतात. आठवडाभर ते ऐकून तिनं वहिनीला विचारलं, "मग पप्पा उठणार कधी?" खोलीतली सगळी मोठी माणसं इकडेतिकडे बघायला लागली. वहिनी म्हणाली, "उठणार. पण कधी ते आपल्याला माहीत नाही. खूप वेळ लागेल, आणि मला त्याचं खूप वाईट वाटतंय." मी आजवर ऐकलेली प्रवचनं एका पारड्यात घातली तरी हे उत्तर जड भरेल.

ईस्टरला पहाटे आमची उपासना दफनभूमीत असते. अंधारात मेणबत्त्या घेऊन जायचं, उजाडेपर्यंत गायचं. दादा गेल्यानंतरचा पहिला ईस्टर आला १२ एप्रिल २०२०, भर लॉकडाऊनमध्ये. कुठेच जाता येत नव्हतं. वर्क फ्रॉम होम सुरू झालं तशी मी नगरलाच आले होते. आम्ही चौघी, म्हणजे आई, वहिनी, भाची आणि मी, पहाटे पाचला गच्चीवर गेलो. आईनं गीत सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला शेजारचा कोंबडा आरवला, तोही आजोबांसारखाच अर्धा सूर खाली, आणि भाची खुदकन हसली. मग आम्ही सगळ्याच हसलो. नंतर रडलो पण. मला वाटतं मी त्या दिवशी थोडंसं गायले.

तो उठेल यावर माझा विश्वास आहे का? आठवड्यातले साधारण पाच दिवस, हो. उरलेले दोन दिवस मी बाकीच्यांच्या भरवशावर काढते.

भाची आता सातवीत आहे, गणितात बापासारखी हुशार आणि कॅरममध्ये बापासारखीच चीटिंग करणारी. वहिनी दोनेक वर्षांपासून मंडळीच्या रुग्णभेटीच्या गटात जाते. आजाऱ्याला तू बरा होशील असं ती कधीच म्हणत नाही. डबा नेते, केमोच्या दिवसांत काय पोटात टिकतं आणि काय नाही ते तिला तोंडपाठ आहे. जेवण झालं की स्तोत्र वाचते आणि भांडी घेऊन परत येते. पुढच्या शनिवारी मी तिच्याबरोबर जाणार आहे. मऊ खिचडी करायची आहे, फोडणीत मिरची नको असं तिनं दोनदा बजावलंय.